आळवणी : सज्जनगडापासून मिरजेपर्यंत

मराठीत ‘आळवणे’ हे क्रियापद दोन ठिकाणी वापरले जाते. गवई राग आळवतो आणि भक्त देवाला आळवतो. एकच धातू कलेलाही लागू पडावा आणि याचनेलाही, यात भाषेने काही जुने शहाणपण जपून ठेवले आहे असे आम्हांस वाटते. ‘लागणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. सूर लागतो, ध्यान लागते, आणि औषध लागू पडते. गाणे, उपासना आणि उपचार या तीन गोष्टी मराठी बोलणाऱ्याने कधी काळी फार दूर ठेवल्या नव्हत्या, याची साक्ष शब्दकोशच देतो.

आज या तिन्हींची सांगड निराळ्या रीतीने घातली जाते. अमुक राग ऐकल्याने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने निद्रानाश जातो, अशी कोष्टके सर्रास फिरतात. त्यांना आधार म्हणून ‘प्राचीन परंपरे’चा हवाला दिलेला असतो. ही परंपरा नेमकी कोणती, तिच्यात कोण गात होते, कशासाठी गात होते, आणि गाण्याने त्यांचे नेमके काय बरे झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. हे प्रश्न आम्ही येथे एका मर्यादित प्रदेशापुरते विचारू इच्छितो. तो प्रदेश म्हणजे सातारा आणि सांगली. आज हे दोन जिल्हे असले, तरी १९४९ मध्ये जो ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला त्यालाच १९६० मध्ये ‘सांगली’ हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्याचा सांस्कृतिक इतिहास एकत्रच वाचावा लागतो.

आरंभ अर्थातच समर्थांपासून करावा लागेल. रामदासस्वामी कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये त्यांनी चाफळला राममंदिर उभारले आणि अखेरची वर्षे सज्जनगडावर काढून शके १६०३ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांची ‘करुणाष्टके’ आणि ‘मनाचे श्लोक’ आपण वर्गात वृत्तांची उदाहरणे म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. पण वृत्त हा श्वासाचा हिशेब असतो, हे विद्यार्थ्यांना सांगायचे राहूनच जाते. २०५ मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. लघु, गुरू, गुरू या यगणाची चार आवर्तने, बारा अक्षरे, वीस मात्रा. चालणाऱ्या माणसाच्या पावलाशी आणि श्वासाशी ही गती सहज जुळते. दारोदार भिक्षा मागत हिंडणाऱ्या रामदाशाला चालता चालता म्हणता येईल असेच हे वृत्त आहे. उलट ‘करुणाष्टकां’तील सर्वांत परिचित अष्टक मालिनी वृत्तात आहे. मालिनीच्या चरणात आधी सहा लघू भराभर येतात आणि मग गुरूंची जड रांग लागते. आठव्या अक्षरावर यती. मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे ध्यानात येते की ही हुंदक्याची चाल आहे : आधी श्वास तुटक होतो, मग तो लांबतो आणि स्थिरावतो. वृत्तशास्त्राने मालिनीचे लक्षण सांगितले, पण समर्थांनी ते वृत्त पश्चात्तापासाठी का निवडले असेल, याचे उत्तर गायल्याशिवाय मिळत नाही.

समर्थ गाण्याविषयी भाबडे नव्हते, हेही येथेच सांगितले पाहिजे. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीतील कीर्तनाची थोरवी त्यांनी वर्णिली. तेच समर्थ चौदाव्या दशकात हरिकथेची लक्षणे सांगताना बजावतात की गाणाऱ्याचे मन ताल आणि रागाच्या कलाकुसरीत गुंतून पडले, तर ज्याच्यासाठी गायचे तो देव बाजूला राहतो. स्वतः रागतालांत पदे रचणाऱ्या कवीने हा इशारा द्यावा, हे महत्त्वाचे आहे. कला साधनेला बळ देते, आणि कलाच साधनेची वाट अडवूही शकते. हा पेच या प्रदेशाच्या संगीतेतिहासात पुढील तीनशे वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहतो.

समर्थांच्या शिष्यांपैकी वेणाबाईंचे चरित्र आपल्या विषयाच्या अगदी मध्याशी येते. त्या बालविधवा होत्या. मिरजेत त्यांचा मठ आहे, समाधी सज्जनगडावर आहे, आणि ‘सीतास्वयंवर’ हे त्यांचे आख्यान मराठी आख्यानकाव्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. परंपरा सांगते की समर्थांच्या कथाकीर्तनाला त्या जात म्हणून लोकापवाद उठला, घरच्यांनी त्यांना विष दिले आणि त्या विषातून त्या वाचल्या. परंपरा असेही सांगते की समर्थांनी त्यांना उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, आणि शके १६०० मध्ये सज्जनगडावर कीर्तन केल्यानंतर तेथेच त्यांनी प्राण सोडला.

यातील विषाची कथा इतिहास म्हणून किती घ्यावी, हा प्रश्न संशोधकांचा. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र ती टाकून देऊ नये. सतराव्या शतकातील ब्राह्मण विधवेकडून समाज जे जे काढून घेत असे, त्यात तिचा आवाजही होता. मंगलकार्यात तिला स्थान नव्हते; चारचौघांत उभे राहून बोलणे ही तर कल्पनाच नव्हती. अशा स्त्रीने सभेत उभे राहावे, टाळ हाती घ्यावेत आणि सीतेच्या स्वयंवराचे, म्हणजे विवाहाचे आख्यान गावे! ज्या सोहळ्यातून तिला कायमचे वगळले होते, तोच सोहळा तिने शब्दांत उभा केला. विष पचल्याची कथा आम्ही या अर्थाने वाचतो. वैधव्य काही गाण्याने गेले नाही. त्या वैधव्याने जे जीवन मिटवून टाकले होते ते गाण्याने पुन्हा उघडले. ‘बरे होणे’ या शब्दाची ही पहिली छटा.

दुसरी छटा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसते. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडून मुलाच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. उपचारासाठी त्याला मिरजेस डॉ. भडभडे यांच्याकडे आणले गेले. डोळे काही सुधारले नाहीत, परंतु शाळेचा मार्ग बंद झालेल्या या मुलाला गाणे शिकवावे असा विचार तेथेच पुढे आला. मिरज संस्थानाच्या आश्रयाला त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बुवा ते हेच. त्यांच्यापाशी विष्णूची तालीम सुरू झाली.

ही घटना ‘गाण्याने बरे केले’ या वाक्याची कसोटी पाहते. वैद्यकाच्या भाषेत बोलायचे तर उपचार फसला होता. गाण्याने डोळे परत दिले नाहीत. डोळ्यांवाचून जगण्याला आकार दिला. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारी मेहनत, खर्जाची साधना, गुरूच्या घरची कामे, पाठांतर या सर्वांतून एक शिस्त घडली. तिच्या बळावर १८९६ मध्ये मिरज सोडून निघालेला हा तरुण ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करू शकला. राजाश्रयावर अवलंबून नसलेले, सर्वसामान्यांच्या मुलामुलींना खुले असलेले ते विद्यालय होते. कलावंताला समाजात प्रतिष्ठा मिळावी हा त्यामागचा आग्रह होता. १९०८ मध्ये विद्यालयाचे कार्य मुंबईत आले, मोठी वास्तू उभी राहिली, कर्ज वाढले, आणि अखेर ती वास्तू लिलावात गेली.

उत्तरायुष्यात विष्णुबुवांनी भगवी वस्त्रे घेतली आणि १९२२ मध्ये नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापन केला. मैफलीचा गवई रामनामाकडे वळला. रसिकांपैकी अनेकांना हा कलेचा तोटा वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविकही होते. चौदाव्या दशकातील समर्थांचा इशारा येथे जणू उलट्या बाजूने खरा झाला : देवासाठी गाताना राग मागे पडला. परंतु त्यातूनच सामान्य गळ्याला पेलेल असे सामुदायिक भजन देशभर गेले. विष्णुबुवांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमाच्या प्रार्थनेचे गायक झाले आणि १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले. एकट्या माणसाची उपासना चळवळीचा श्वास झाली. विष्णुबुवांचा देहान्त २१ ऑगस्ट १९३१ रोजी झाला, तोही मिरजेतच. जेथे डोळ्यांच्या उपचारासाठी आणले गेले होते, त्याच गावी ते शेवटी परतले.

त्याच १८७२ साली उत्तरेत कैराना येथे आणखी एक गायक जन्मला आणि त्याचीही वाट मिरजेलाच येऊन मिळाली. अब्दुल करीम खाँ बडोदा सोडून दक्षिणेकडे आले तो काळ प्लेगचा होता. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ पुढे दक्षिण महाराष्ट्रातही पोहोचली. मिरजेत खाँसाहेब गंभीर आजारी पडले, ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गायनसेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत सर्वतोमुखी आहे. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मली.

या आख्यायिकेकडे पाहताना मिरजेचा दुसरा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि दूरदूरचे रोगी या गावी येऊ लागले. विष्णूला मिरजेस आणले तेव्हा हे रुग्णालय नव्हते. खाँसाहेब आजारी पडले तेव्हा ते होते. तरीही गावाने जी गोष्ट जपली ती दर्ग्याची. यात विज्ञानाचा अव्हेर पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयाने वाचवलेल्या माणसांची नोंद वहीत होते. गाऊन वाचलेल्या माणसाची गोष्ट होते. ताप कशाने उतरला हे आख्यायिका सांगत नसते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाजवळ देण्यासारखे काय होते आणि ते त्याने कोणापुढे ठेवले, हे ती सांगते. खाँसाहेबांपाशी सूर होता. तो त्यांनी पिरापुढे ठेवला.

येथे एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. याच खाँसाहेबांनी सुरांच्या मोजमापाच्या प्रयोगांतही भाग घेतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या स्थानांवर संशोधन करून १९१० मध्ये इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी इ. क्लेमेंट्स त्यांच्या सहवासात या विषयाकडे वळले, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून मोठा वाद झाला. श्रुती दाखवण्यासाठी गळा होता तो अब्दुल करीम खाँचा. दर्ग्यात सूर अर्पण करणारा आणि परिषदेत सूर मोजायला देणारा माणूस एकच होता. या दोहोंत त्याला विसंगती वाटली नाही, मग आपणच ती का कल्पावी? सुराच्या अचूकतेविषयीची आच हीच त्याची उपासना होती.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना प्रवासात त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहान स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछायत घालून त्यांनी नमाज पढली, दरबारीचे सूर आळवले आणि तेथेच देह सोडला, असे सांगितले जाते. त्यांना मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन केले गेले. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरते. देशभरातील गायक-वादक येऊन सेवा रुजू करतात.

शके १६०० मधील वेणाबाई आणि १९३७ मधील खाँसाहेब, दोघांच्याही कथेचा शेवट गाता गाता आलेल्या मरणाने होतो. चरित्रवाङ्मयात असे साचे असतात हे साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक आहे, आणि म्हणून त्यावर संशय घेणेही त्याचे कामच आहे. परंतु साचा आहे म्हणून आशय पोकळ ठरत नाही. गाण्याने मरण टळते असे या दोन्ही कथा म्हणत नाहीत. मरणाच्या क्षणी माणूस एकाकी आणि मुका राहत नाही, एवढेच म्हणतात. ज्याने आयुष्यभर सूर धरला, त्याला शेवटच्या श्वासाचेही काही करता येते. ही ‘बरे होण्या’ची तिसरी छटा, आणि बहुधा सर्वांत अवघड.

साताऱ्याच्या बाजूला औंधकडे वळले की हाच विषय आणखी दोन रूपांत भेटतो. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनेही करीत, आणि सूर्यनमस्कारांचे ते अथक प्रचारक होते. १९३८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. त्यांच्या पद्धतीत ओंकार, बीजाक्षरे आणि सूर्याची नावे मोठ्याने उच्चारण्याला शरीराच्या हालचालीइतकेच महत्त्व होते. नाद शरीराच्या आत कंप उठवतो आणि तो आरोग्याला पोषक असतो, अशी त्यांची धारणा होती. अध्यात्मातील मंत्र येथे व्यायामशाळेत आला. आजच्या ‘आरोग्यासाठी ओंकार’ वर्गांची मुळे शोधायची, तर औंधच्या राजवाड्यातही डोकावावे लागेल.

त्याच औंधमध्ये अनंत मनोहर जोशी म्हणजे अंतुबुवा दरबारगायक होते. तेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. आपले आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला, आणि तो पुढे त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांच्या परंपरेने चालवला. शहरी मैफलीचा व्यवहार तेथे दुय्यम असतो. गायक गुरूच्या स्मृतीपुढे हजेरी लावायला येतो आणि गावकरी रात्रभर ऐकत बसतात. मिरजेचा दर्गा आणि औंधचा उत्सव यांचे दैवत वेगळे, पण वृत्ती एकच आहे.

या सर्व इतिहासात एक मूक पात्र आहे, तंबोरा. शस्त्रे घडवणाऱ्या आणि धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये घडवायला घेतली. पुढे तेच ‘सतारमेकर’ झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीची धार ओळखणाऱ्या हातांनी जवारीची धार ओळखावी, याहून बोलकी गोष्ट ती कोणती? घोडीच्या पृष्ठभागावर तार कोठे टेकते आणि कोठे सुटते, त्या केसाएवढ्या अंतरावर तंबोऱ्याचा झंकार ठरतो. साधक पहाटे त्या झंकारात खर्ज लावून बसतो तेव्हा श्वास आपोआप लांबतो, बाहेर सोडला जाणारा श्वास आत घेतलेल्याच्या कितीतरी पट टिकतो, आणि कान स्वतःच्याच आवाजाकडे लागतात. यात गूढ काही नाही.

पाश्चात्त्य देशांत संगीतोपचार हा स्वतंत्र व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर, जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतील अनुभवातून आकाराला आला. १९५० मध्ये अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. श्वसनाच्या जुनाट विकारांत गाण्याचा उपयोग होतो का, याचेही अभ्यास झाले आहेत. पुरावा आशादायक असला तरी मर्यादित आहे. हे अभ्यास जितके सावधपणे बोलतात, तितकी आपली रोग-राग-कोष्टके बोलत नाहीत. शिवाय त्या कोष्टकांत माणूस ऐकणारा असतो, गाणारा नसतो. ध्वनिमुद्रण लावायचे आणि गोळीसारखे घ्यायचे! आम्ही ज्यांचा मागोवा घेतला, त्यांतील एकही जण असा निष्क्रिय नव्हता. वेणाबाई उभ्या राहिल्या, विष्णुबुवांनी वर्षानुवर्षे मेहनत केली, खाँसाहेब आजारी देहाने दर्ग्यापर्यंत गेले. त्या परंपरेत गुण रागात नव्हता, गाण्यात होता. आणि गाणे कोणापुढे तरी होते. देव, गुरू, पीर, सभा यांपैकी कोणीतरी ऐकत आहे या जाणिवेवाचून आळवणी होत नाही.

यावरून गाण्याने गावेही बरी होतात, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, दर्ग्यात रामकृष्णांची पदेही गाइली जातात, हे खरे. पण त्याच मिरजेत २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातील कमानीवरून दंगल उसळली, हेही खरे. परंपरा गावात असणे वेगळे आणि गावाने ती रोज गाणे वेगळे. खर्ज एक दिवस सोडला तरी गळा ओळखतो, असे जुने गवई म्हणत. समाजाच्या गळ्यालाही तोच नियम असावा.

‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वतःत स्थित’ असा आहे. विधवेला सभा मिळाली, दृष्टिहीनाला विद्या मिळाली, आजारी परदेशी गवयाला गाव मिळाले. तिघांचेही दुःख जेथल्या तेथे राहिले, परंतु दुःखासह उभे राहण्याची जागा प्रत्येकाला गाण्यात सापडली. साहित्याच्या वर्गात आपण करुणाष्टके शिकवतो तेव्हा निदान एकदा तरी ती मोठ्याने म्हणवून घ्यावीत. गणांच्या खुणा नंतर करता येतील. आधी तो श्वास कसा तुटतो आणि कोठे स्थिरावतो, हे विद्यार्थ्यांना आपल्याच छातीत कळू द्यावे.